बर्फाचे पुतळे आणि गटाची वही

कामं आवरली का? नसतील आवरली तरी हरकत नाही. हात चालू ठेवा आणि कान इकडे द्या. आज मी तुम्हाला जरा लांब नेणार आहे. शाल, स्वेटर, कानटोपी, जे असेल ते सोबत घ्या, कारण जिथे जायचंय तिथे थंडी आपल्यापेक्षा कितीतरी जास्त आहे.

तशी थंडी आपल्याला नवी नाही. निफाड तालुक्यातल्या बाईला थंडी कोणी शिकवायला नको. जानेवारीत पारा पाच अंशांच्या खाली उतरला की पेपरात आपल्या तालुक्याचं नाव येतं. लोक ती बातमी चहा पिता पिता वाचतात, आणि आपण त्या वेळी पहाटेच्या अंधारात द्राक्षबागेत शेकोट्या पेटवत असतो. मणी तडकले तर वर्षाची मेहनत गेली. थंडी म्हणजे आपल्याकडे काळजी.

पण जपानमध्ये एक शहर आहे, साप्पोरो नावाचं. तिथे फेब्रुवारीत दिवसा पारा शून्याच्या आसपास असतो आणि रात्री शून्याच्याही खाली सहा-सात अंश जातो. अशा दिवसांत तिथली माणसं घरात न बसता रस्त्यावर येतात आणि बर्फाचे पुतळे घडवतात. त्यांच्या स्पर्धा लागतात. ते बघायला जगभरातून माणसं जातात.

आता ही आज मध्येच जपानला कशी निघाली, असं तुम्हाला वाटेल. त्याला कारण आहे एक पाचवीतला मुलगा.

गेल्या दिवाळीत आम्ही गावातल्या बचत गटांनी मिळून मुलांची किल्ला स्पर्धा ठेवली होती. मी परीक्षक होते. या मुलानं अंगणात दगडमातीचा सुरेख किल्ला केला होता. उतारावर मोहरी पेरून हिरवळ उगवली होती, पायथ्याशी तळं, बुरुजावर मावळे, वर सिंहासनावर महाराज. पहिलं बक्षीस त्यालाच दिलं. बक्षीस घेऊन तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "ताई, तुळशीचं लग्न झालं की आजी किल्ला मोडून अंगण सारवणार. मग मला बक्षीस कशाचं मिळालं, हे पुढच्या वर्षी कोणाला कसं कळणार?"

मी हसले आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवून पुढच्या अंगणात गेले. पण प्रश्न मनातून गेला नाही. मोडणारच आहे, विरघळणारच आहे, अशा गोष्टीचा इतिहास कसा राहतो? बी.ए.ला माझा विषय इतिहास होता. तिथे आम्ही शिलालेख शिकलो, ताम्रपट शिकलो, किल्ले आणि लेणी शिकलो. सगळं दगडाचं नाहीतर धातूचं. विरघळणाऱ्या वस्तूंचा इतिहास कोणी शिकवला नव्हता. म्हणून मी शोधून शोधून वाचायला लागले, आणि वाचता वाचता साप्पोरोला पोहोचले. पासपोर्ट नाही, तिकीट नाही. तशीच आता तुम्हालाही नेते.

आधी एक गोष्ट समजून घेऊ. आपण सरसकट 'बर्फ' म्हणतो. गोळेवाल्याच्या गाडीवर असतो तो पाणी गोठून झालेला कडक बर्फ. आकाशातून पडतं ते हिम. ते पिंजलेल्या कापसासारखं हलकं असतं. साप्पोरोत एका हिवाळ्यात सगळं मिळून सुमारे ५ मीटर हिम पडतं. म्हणजे दुमजली घराएवढं. ते एकदम साचत नाही, काही विरतं, काही दबतं, पण रस्ते, दारं आणि छपरं मोकळी करायचं काम रोजचं. आपण जसं सकाळी उठून अंगण झाडतो, तसं तिथे फावडं घेऊन हिम लोटावं लागतं. लोटलेलं हिम टाकायचं कुठे, हाही प्रश्नच.

शहराच्या मधोमध ओदोरी नावाची लांबच लांब बाग आहे, जवळजवळ दीड किलोमीटरची. शहर वसवलं तेव्हा एका बाजूची आग दुसऱ्या बाजूला जाऊ नये म्हणून मध्ये हा मोकळा पट्टा ठेवला होता. पुढे त्याची बाग झाली, आणि हिवाळ्यात तिथे शहरातलं हिम आणून टाकायला लागले. थोडक्यात काय, तो हिवाळ्यातला उकिरडा.

याच उकिरड्यावर उत्सव सुरू झाला. साल १९५०, महिना फेब्रुवारी. आपला देश नुकताच, म्हणजे महिन्याभरापूर्वीच प्रजासत्ताक झाला होता. तिकडे जपान युद्धात हरलेला होता. हरून पाच वर्षं होत आली होती, पण अजून देशावर परक्या सैन्याचा ताबा होता. खाण्यापिण्याची ओढाताण, घराघरात कोणी ना कोणी युद्धात गेलेलं, त्यात हा लांबलचक हिवाळा. तेव्हा शहरातल्या शाळांच्या मुलांनी ओदोरी बागेत, त्या टाकलेल्या हिमाच्या ढिगांमधून, सहा पुतळे उभे केले. एका दिवसाचा कार्यक्रम होता. हिमाचे गोळे एकमेकांवर फेकायचे खेळ होते, नाचगाणी होती. थोडीफार माणसं येतील असं वाटलं होतं. आली पन्नास हजारांवर!

याच्याही आधीची एक गोष्ट आहे. साप्पोरोजवळ ओतारू नावाचं बंदराचं गाव आहे. तिथल्या एका प्राथमिक शाळेनं १९३५ साली मुलांकडून असे पुतळे करून घेतले होते. म्हणजे या सगळ्याचं मूळ शाळेच्या पटांगणात आहे. राजाचा हुकूम नव्हता की कोण्या मोठ्या शिल्पकाराची कल्पना नव्हती. आपल्याकडे दिवाळीत मुलं चिखलात हात घालतात, तिथे मुलांनी हिमात घातले.

पुढच्या वर्षी पुन्हा पुतळे झाले, त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा. १९५५ साली शहराजवळच्या छावणीतले सैनिक मदतीला आले. मोठे पुतळे करायचे तर मनुष्यबळ लागतं, ट्रक लागतात, ते त्यांच्याकडे होतं. त्यांच्या मदतीनं घराएवढ्या, देवळाएवढ्या आकृत्या उभ्या राहायला लागल्या. १९७२ साली साप्पोरोत हिवाळी ऑलिम्पिक झालं आणि सगळ्या जगाला हे शहर माहीत झालं. १९७४ पासून तिथे वेगवेगळ्या देशांच्या संघांची हिमशिल्प स्पर्धा सुरू झाली.

त्याच १९७४ सालची एक गंमत सांगते. तेव्हा जगात तेलाची टंचाई होती, पेट्रोल मिळेना. त्यात हिमही कमी पडलं. लांबून हिम आणावं तर ट्रक चालवायला इंधन नाही. मग त्यांनी काय केलं असेल? काही पुतळ्यांच्या आत रिकामी पिंपं ठेवली आणि वरून हिमाचा थर दिला. घरात पाहुणे दहा आणि दूध अर्धा लिटर, अशा वेळी आपण जे करतो तेच त्यांनी केलं. कार्यक्रम थांबवला नाही.

चला, आता स्पर्धेच्या दिवशी त्या बागेत जरा फिरून येऊ.

सकाळची वेळ आहे. बोलायला तोंड उघडलं की वाफ निघते. पायाखाली हिम करकरतं, तांदळाच्या पिठाची रास तुडवल्यासारखं. घसरायची भीती, म्हणून छोटी छोटी पावलं टाकत चालायचं. समोर बघा, पांढरेशुभ्र चौकोनी ठोकळे ओळीनं उभे आहेत. प्रत्येक संघाला असा एक ठोकळा मिळतो. त्यातून काही दिवसांत आकृती काढायची.

ठोकळा कसा करतात? आपण घराचा स्लॅब टाकताना फळ्या लावतो ना, तशा फळ्या उभ्या करून त्याची पेटी करायची. तिच्यात हिम भरायचं आणि वर चढून पायांनी तुडवायचं. पुन्हा भरायचं, पुन्हा तुडवायचं. कोरडं हिम हे ज्वारीच्या कोरड्या पिठासारखं, मुठीत धरलं तरी सुटतं. दाबलं, तुडवलं आणि एखादी थंड रात्र मिळाली की त्याचे कण एकमेकांना धरतात. मग फळ्या काढल्या तरी ते ढासळत नाही.

कोरायचं काम वरून खाली चालतं. आधी डोकं, मग खांदे, मग पाय. खालून सुरुवात केली तर वरून पडणारा चुरा केलेलं काम बिघडवतो, आणि पाया बारीक झाला की वरचा भार पेलत नाही. आधी फावड्यानं मोठे तुकडे उडवायचे, मग छिन्नी, मग खरवडायची पत्री. कुठे खळगा पडला, टवका उडाला, तर स्वच्छ हिमात पाणी कालवून लगदा करायचा आणि लिंपायचा. पोतेरं फिरवणाऱ्या हाताला हे वेगळं शिकवायला नको.

हिम स्वच्छच का घ्यायचं? मातीचा काळा कण ऊन धरून ठेवतो आणि आजूबाजूचं हिम वितळवतो. उन्हाळ्यात काळी साडी जास्त तापते, तसंच. म्हणून मोठ्या पुतळ्यांच्या आत कसंही हिम चालतं, पण बाहेरचा थर लांबून, डोंगराकडून आणलेल्या पांढऱ्या हिमाचा देतात. मोठा पुतळा घडवायला सैनिकांना महिनाभर लागतो. पंधरा मीटर उंचीपर्यंतच्या आकृत्या तिथे झाल्या आहेत. आपल्या गावातल्या पाण्याच्या टाकीएवढ्या म्हणा.

मला स्वतःला मात्र सगळ्यात आवडले ते छोटे पुतळे. शहरातली साधी माणसं गट करून अर्ज करतात. एकाच आळीतले शेजारी, एका कचेरीतले सहकारी, एकत्र शिकलेले मित्र. अर्ज जास्त येतात म्हणून चिठ्ठ्या काढून जागा देतात. मग माणसाच्या उंचीपेक्षा थोडा मोठा असा आपला पुतळा ते आपल्या हातानं करतात. कोणी मांजर करतं, कोणी मुलांच्या गोष्टीतलं पात्र. संध्याकाळी कामावरून आल्यावर, दिव्याच्या उजेडात, बोटं बधिर होईपर्यंत काम चालतं. मध्येच कोणी गरम काही प्यायला आणतं. चित्रफितीत बघताना मला वाटलं, या तर आपल्याच बाया, गणपतीच्या आदल्या रात्री मखर करणाऱ्या.

आठवडाभर उत्सव चालतो. वीस लाखांच्या आसपास माणसं येऊन जातात. आणि मग?

उत्सव संपला की लगेच यंत्र येतं. आपल्याकडे जेसीबी म्हणतो ना, तसलं. महिनाभर घडवलेलं सगळं काही तासांत पाडून टाकतात. अर्धवट वितळलेला पुतळा कोणाच्या अंगावर कोसळू नये म्हणून. ते पाडणं बघायलाही लोक गर्दी करतात. पुतळ्याचं नाक गेलं, कान गेला, की मुलं 'अरेरे' करतात. दोन दिवसांनी तिथे नुसता ढीग. एप्रिल उजाडला की तोही नाही.

इथे तो पाचवीतला मुलगा पुन्हा माझ्यासमोर उभा राहिला. "ताई, मग कळणार कसं?"

याचं उत्तर शोधायला थोडं मागे जाऊ. हिमाचे पुतळे काही १९५० साली पहिल्यांदा झाले नाहीत.

इटलीत फ्लॉरेन्स नावाचं शहर आहे. १४९४ सालच्या जानेवारीत तिथे कधी नव्हे एवढं हिम पडलं. तिथला सत्ताधारी होता पिएरो दे मेदिची. त्यानं एका अठरा वर्षांच्या मुलाला बोलावलं आणि वाड्याच्या चौकात हिमाचा पुतळा करायला लावला. तो मुलगा म्हणजे मायकेलॅन्जेलो, जो पुढे जगातला सगळ्यात मोठा शिल्पकार म्हणून गाजला. त्याचे संगमरवरी पुतळे आज पाचशे वर्षांनंतरही उभे आहेत. हिमाचा थोड्या दिवसांत गेला. तो केला होता, एवढं तरी आपल्याला कळतं ते त्याच्या चरित्रकारांनी लिहून ठेवलं म्हणून. पण पुतळा कोणाचा होता ते त्यांनी लिहिलं नाही. म्हणून तेवढं कायमचं गेलं.

दुसरी गोष्ट ब्रसेल्सची. हे शहर आज बेल्जियम देशात आहे. १५११ सालचा हिवाळा. सहा आठवडे कडाक्याची थंडी होती. कामधंदे बंद पडलेले, लोक गारठलेले. तेव्हा शहरातल्या लोकांनी चौकाचौकात, दारादारात हिमाच्या आकृत्या केल्या. शंभरावर होत्या. देवादिकांच्या होत्या, जलपरी होती, आणि शत्रूंची आणि वरच्या लोकांची टिंगल करणाऱ्याही होत्या. एरवी जे तोंडानं बोलायची चोरी, ते लोकांनी हिमातून बोलून घेतलं. पुढे ऊन पडलं आणि सगळं वाहून गेलं. पण शहराचा एक कवी होता, यान स्मेकन नावाचा. तो गल्लोगल्ली हिंडला आणि कुठे कुठली आकृती होती ते सगळं त्यानं लांबलचक कवितेत लिहून ठेवलं. आज त्या हिवाळ्यात लोकांच्या मनात काय होतं हे इतिहासकार सांगू शकतात, ते मुख्यतः त्या कवितेमुळे.

तिसरी गोष्ट रशियाची. ही सांगताना मला त्रास होतो, पण सांगायलाच हवी.

१७४० सालचा हिवाळा, शहर सेंट पीटर्सबर्ग. गादीवर एक बाई होती, सम्राज्ञी आन्ना. तिच्या हौसेसाठी बर्फाचा महाल बांधला. हा कडक बर्फाचा, लाद्या कापून, पाणी ओतून जोडलेला. सुमारे सहा मीटर उंच आणि सतरा मीटर लांब. आत पलंग बर्फाचा, उशा बर्फाच्या, बाहेर झाडं बर्फाची आणि एक बर्फाचा हत्ती. हे सगळं कशासाठी? गोलित्सिन नावाच्या एका सरदारावर तिचा राग होता. त्यानं तिच्या परवानगीशिवाय दुसऱ्या पंथातल्या बाईशी लग्न केलं होतं. ती बायको वारली, तरी राग गेला नाही. त्याला तिनं दरबारचा विदूषक करून टाकलं आणि चेष्टा म्हणून आपल्या एका नोकर बाईशी त्याचं लग्न लावलं. नवरा-नवरीला खऱ्या हत्तीवर पिंजऱ्यात बसवून वरात काढली. रात्री दोघांना त्या बर्फाच्या महालात ठेवून बाहेर पहारा बसवला. सकाळपर्यंत दोघं जगली, हे नवल. तिनं आपली मोत्याची माळ पहारेकऱ्याला देऊन त्याचा कातडी कोट मिळवला म्हणून जीव वाचले, असं लोक सांगतात.

त्या नोकर बाईचं नाव अवदोत्या. कल्मिक समाजातली होती. आडनाव बुझेनिनोवा. हे आडनाव कुठून आलं? बुझेनिना नावाचा मांसाचा एक पदार्थ आहे, तो तिला आवडायचा, म्हणून दरबारात तिचं तेच आडनाव पडलं. तिथल्या एका विद्वानानं पुढच्याच वर्षी, १७४१ साली, त्या महालाचं पुस्तक काढलं. चित्रं काढली, खोल्यांची मापं दिली, तोफा कशा उडायच्या तेही लिहिलं. म्हणजे बर्फाच्या खाटेचा हिशेब राहिला. आणि त्या खाटेवर रात्रभर कुडकुडत बसलेल्या बाईच्या वाट्याला इतिहासात आलं ते एका पदार्थाचं नाव.

मैत्रिणींनो, तीन शहरं, तीन हिवाळे. सगळीकडचं हिम वितळलं. ज्याची नोंद झाली तेवढं उरलं, आणि नोंद करणाऱ्यानं जे सोडून दिलं ते हिमासारखंच गेलं. साप्पोरोची गोष्ट सांगतानाही लोक 'शाळेतल्या मुलांनी सहा पुतळे केले' एवढं म्हणून पुढे जातात. मुलांची नावं घ्यायला थांबत नाहीत.

आता मी घरची गोष्ट सांगते. चूक माझी आहे, म्हणून मीच सांगायला हवी.

आमच्या गटाला पंधरा वर्षं झाली, म्हणून गेल्या संक्रांतीला आम्ही कार्यक्रम केला. आजपर्यंतच्या सगळ्या अध्यक्ष-सचिवांचा सत्कार ठेवला. नावांची यादी करायचं काम माझ्याकडे होतं. मी कपाटातून प्रोसिडिंगच्या वह्या काढल्या आणि पाहून पाहून यादी केली. पहिल्या दोन वर्षांची वही वाळवीनं खाल्लेली. तेव्हा मी या गावात सून म्हणूनही आले नव्हते. म्हणून यादी सुरू झाली ती तिसऱ्या वर्षापासून. मला त्यात काही खटकलं नाही. वहीत आहे ते खरं, असंच मी धरून चालले.

कार्यक्रम छान झाला. फुलं झाली, फोटो झाले. शेवटच्या रांगेत आमच्या आळीतल्या एक काकू बसल्या होत्या. आता सत्तरीच्या आहेत. जाताना त्यांनी माझ्या हातावर तिळगूळ ठेवला आणि म्हणाल्या, "चांगलं केलंस गं सगळं." आणि काठी टेकत निघून गेल्या.

सतरंज्या गोळा करताना दुसऱ्या एका आजीनं मला बाजूला घेतलं. म्हणाली, "पोरी, गट कोणी सुरू केला माहितीये का तुला? पहिला डबा कोणाच्या घरी होता?"

त्या काकूंच्या घरी. बिस्किटांचा पत्र्याचा डबा. त्यांनी दारोदार फिरून अकरा बाया गोळा केल्या होत्या. महिन्याला वीस रुपये. पुरुषमाणसं म्हणायची, ही बाई डबा घेऊन पळून जाईल. दोन वर्षं त्यांनी तो सांभाळला. आणि मी त्यांना शेवटच्या रांगेत बसवून फुलं दुसऱ्यांना दिली.

रात्री मला झोप आली नाही. सकाळी नवी वही घेतली आणि त्यांच्या घरी गेले. माफी मागायला तोंड उघडलं, तर त्या म्हणाल्या, "अगं, मीच विसरले होते, तुला काय बोलू?" पण विसरल्या नव्हत्या. चहा झाला आणि बोलायला लागल्या. पहिलं कर्ज कोणाला दिलं ते त्यांना तारखेनिशी आठवत होतं. तीन महिन्यांचे ६६० रुपये डब्यात होते. रात्री अकराला एक बाळंतीण अडली. जीपवाला पैसे घेतल्याशिवाय निघेना. काकूंनी डबा उघडला आणि ५०० रुपये दिले. कोणाला विचारलं नाही, बैठक घेतली नाही. दुसऱ्या दिवशी दहाजणींनी येऊन सांगितलं, बरं केलंत. ते बाळ आता दहावीच्या अभ्यासाला लागलंय.

अकरा पानं भरली माझी. पहिल्या अकराजणींपैकी चौघी आता नाहीत. त्यांची नावं काकूंनी एकेक करून सांगितली. कोण कुठली, कोण काय करायची, कोण नवऱ्याच्या चोरून वीस रुपये आणायची. लिहिताना माझा हात दुखला, पण थांबावंसं वाटलं नाही. पुढच्या बैठकीत मी ती पानं मोठ्यानं वाचली, आणि काकूंना मध्यभागी बसवलं होतं.

आपण बचत गटाची पंचसूत्री तोंडपाठ म्हणतो. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड आणि पाचवं, नियमित नोंदी. ते पाचवं आपण बँकेसाठी करतो, तपासणीसाठी करतो. किती जमा, किती बाकी. ते हवंच. पण रशियातल्या त्या विद्वानानं खाटेचं माप लिहिलं आणि बाई सोडून दिली, तसं आपल्याकडून होतंय का, हे जरा पाहू या. आपलं बहुतेक काम हिमासारखंच असतं. सकाळची रांगोळी दुपारी पुसली जाते. केलेली भाकरी रात्रीपर्यंत संपते. अडल्या बाईला दिलेला हात तर दिसतही नाही. त्याचं शिल्प कोणी उभारणार नाही. पण वहीचं एक पान आपल्या हातात आहे.

म्हणून माझी एक विनंती आहे. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू चालेल. प्रत्येक गटानं एक वेगळी वही घाला. गटातल्या, नाहीतर गावातल्या सगळ्यात वयस्कर बाईला विचारा. पहिली बैठक कुठे झाली? कोणी बोलावलं? कोण हसलं? पहिलं कर्ज कशाला गेलं? ती बोलेल तसंच लिहा, तिच्या शब्दांत. जिला लिहिता येत नाही तिनं फोनवर आवाज भरून घ्यावा आणि नातीकडून उतरवून घ्यावा. पूर्ण नाव लिहा, नुसतं 'अमक्याची आई' नको. आणि वही कपाटात ठेवताना कडुनिंबाचा पाला ठेवा. वाळवीचा अनुभव मी घेतलाय.

त्या पाचवीतल्या मुलालाही मी आता उत्तर देणार आहे. येत्या दिवाळीत स्पर्धेची वही असेल. त्यात प्रत्येक किल्ल्याचा फोटो, करणाऱ्याचं नाव, माती कोणी आणली, मोहरी कोणी पेरली, सगळं लिहू. गेल्या वर्षीच्या पहिल्या बक्षिसाचं पान मी आधीच लिहून ठेवलंय. अंगण सारवणाऱ्या त्याच्या आजीचं नावही त्यात आहे.

बराच वेळ झाला, चूल थंड झाली असेल. अंगावरचं घ्या सारखं करून. पुढच्या वेळी भेटू तेव्हा तुमच्या वहीतलं एखादं पान मला ऐकवा. नमस्कार.